जँगोतून काढलेल्या सुविधा : पुढे काय?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची वेबसाइट जँगो २.२ वर आहे. थेट ४.२ टाकताच 'युआरएल' आणि 'युगेटटेक्स्ट' सापडत नाहीत, असे एरर येतात. सगळा कोड नव्याने लिहावा लागेल का?

उत्तर : नाही. या दोन्ही गोष्टी जँगो ४.० मध्ये काढून टाकल्या, पण त्याआधी ३.० आणि ३.१ पासूनच त्यांबद्दल इशारे दिले जात होते. तुम्ही मधली आवृत्ती वगळलीत, म्हणून ते दिसलेच नाहीत.

आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि २.२ वरून ३.२ वर या. तिथे या दोन्ही गोष्टी अजून चालतात. पायथॉन असे इशारे एरवी लपवतो. ते दाखवण्याचा पर्याय चालू करून सगळ्या टेस्ट चालवा. कोणती ओळ बदलायची, ते इशाऱ्यातच कळेल.

'युआरएल'च्या जागी 'री-पाथ' वापरा. रेग्युलर एक्स्प्रेशन आहे तसेच चालेल. साधे पत्ते सवडीने 'पाथ'मध्ये लिहा. 'युगेटटेक्स्ट'ऐवजी 'गेटटेक्स्ट' आणि 'फोर्स-टेक्स्ट'ऐवजी 'फोर्स-एसटीआर' पुरेसे आहे. बाहेरून घेतलेली पॅकेजेसही तपासा. पुष्कळदा जुना कोड त्यांच्यातच असतो.

एकही इशारा उरला नाही की ४.२ वर जा आणि त्याच रीतीने पुढे ५.२ गाठा. काढलेले फंक्शन स्वतःच लिहून जुना कोड जगवू नका. पुढच्या अपग्रेडला तेच काम दुप्पट होते.