चारी बाजू बरोबर, तरी जागा कमी? कोपरा तपासायला शिकू या



३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आता सांगा, एखाद्याने प्लॉट दाखवला आणि टेप लावून चारी बाजू ३३-३३ फूट मोजून दिल्या, तर गुंठा पुरा भरला का?

“भरला की!” असंच आपण म्हणू. पण भरेलच असं नाही. खिळखिळी झालेली बाज आठवा. ती एका अंगाला कलते तेव्हा चारी लाकडं तेवढीच राहतात, पण मधली जागा कमी होते. प्लॉटचा एक कोपरा ६० अंशांचा असेल, तर बाजू ३३ फूट असूनही जागा भरते साधारण ९४३ चौरस फूट. १४६ चौरस फूट गेले, म्हणजे बारा बाय बाराची अख्खी खोली गेली! म्हणून बाजूंबरोबर कोपराही बघायचा.

दोन रेषा एका बिंदूत मिळतात तिथे कोन होतो. एखादा कागद कसाही घडी करा. घडीची कड ही सरळ रेषा, तिचा कोन १८० अंशांचा. आता ती कड स्वतःवरच जुळवून पुन्हा घडी घाला. जो टोकदार कोपरा मिळाला तो ९० अंशांचा, म्हणजे काटकोन. गवंडीदादांचा गुण्या हेच काम करतो. काटकोनापेक्षा लहान तो लघुकोन, मोठा तो विशालकोन.

पण वीस फुटांच्या जागेला एवढासा कागद काय पुरणार? तिथे दोरी लागते. कोपऱ्यावर खुंटी ठोका. एका दोरीवर खुंटीपासून ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की काटकोन झाला. ५ पेक्षा जास्त आलं तर विशालकोन आहे, दुसरी दोरी आत घ्या. कमी आलं तर लघुकोन, बाहेर सारा. जागा मोठी असेल तर ६, ८ आणि १० घ्या, चूक कमी होते. दोरी ताणली जाणारी नको. आपल्याकडे यज्ञवेदी आखायचे जुने ग्रंथ आहेत, त्यांचं नावच शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी!

आमच्या गटाने शेळ्यांची शेड आखली तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १६ बाय १२ ची फक्की मारली, चारी बाजू दोनदा मोजल्या. पत्रे चढवायला गेलो तर एका टोकाला पत्रा बाहेर, दुसऱ्या टोकाला भिंत उघडी. मागची भिंत सव्वा फूट सरकली होती. मग कुणीतरी आडवा टेप धरला, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. याला कर्ण म्हणतात. एक कर्ण २१ फूट भरला, दुसरा जेमतेम १९. दोन्ही २० यायला हवे होते. पाया भरण्याआधी दोन मिनिटं लागली असती. नंतर पत्रे कापावे लागले आणि तो खर्च गटाच्या खात्यातून गेला.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला जाणाऱ्या बायकांना समांतर रेषा वेगळ्या शिकवायला नकोत. दोन ओळींत सुरुवातीला नऊ फूट असेल तर शेवटपर्यंत नऊच हवेत. शेवटी सात झाले तर ट्रॅक्टर अडलाच.

तेव्हा प्लॉट बघायला जाताना दोघी जा, एक टेपचं टोक धरायला. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, तरच चारी कोपरे काटकोनात. ३३ फुटी गुंठ्याचा कर्ण ४६ फूट ८ इंच येतो, वहीत लिहून ठेवा. ही झाली आपली स्वतःची खात्री. हद्दीचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच घ्यावी लागते.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरातल्या एका खोलीचे दोन्ही कर्ण मोजून आणा. बघू कुणाची खोली गुण्यात आहे!