पहिल्या क्रूझला निघालेल्या भाचीस

दापोली
कार्तिक वद्य पंचमी

चि. सोनूस,

फोनवर तू एकामागून एक प्रश्न विचारत होतीस आणि माझी उत्तरं अर्धवट राहत होती, म्हणून सविस्तर लिहितो. तिकिटं काढून झाली, नाताळच्या सुट्टीत मुंबईहून लक्षद्वीप, आणि आता तुझी झोप उडाली आहे. सासूबाईंनी रामदास बोटीचं नाव काढलं, थोरलीने गेटवेसमोरच्या अपघाताचा व्हिडिओ पाहिलेला, धाकटा चार वर्षांचा, आणि जावईबापू म्हणतात, ‘काही होत नाही.’ जावईबापूंचं मन चांगलं आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. माझी नोकरी सगळी जहाजाच्या इंजिनरूममध्ये झाली. समुद्राला माणसाने भ्यावं. फक्त कशाला भ्यायचं ते ठरवून भ्यावं, कारण आपण भलत्याच गोष्टीचा धसका घेतो आणि जिथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं तिथे गाफील राहतो.

सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांची भीती घरात सगळ्यात जुनी आहे. त्यांचं माहेर रेवसच्या बाजूचं, आणि त्या पट्ट्यात १७ जुलै १९४७ ही तारीख विसरली गेलेली नाही. गटारी अमावास्या तोंडावर होती, माणसं गावी निघाली होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कुणाचा काका, कुणाचा नवरा. अशा माणसाला ‘आई, तो काळ वेगळा होता’ एवढं म्हणून गप्प करायचं नसतं. त्यांच्याजवळ बस आणि बोट का बुडाली ते बोल. ऐन पावसाळ्यातला समुद्र होता. बोट लहान आणि माणसांनी भरलेली. मोठी लाट आली तशी माणसं घाबरून एका अंगाला धावली. बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. ही कारणं एकेक करून सांगितलीस की त्या स्वतःच विचारतील, ‘मग आता काय असतं?’ तेव्हा पुढचं सांग.

तुमचं ‘एम्प्रेस’ जहाज २११ मीटर लांब आहे. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, १९९० साली समुद्रात आलेलं. वय ऐकून दचकू नकोस. जहाज किती जुनं यापेक्षा त्याची तपासणी कशी होते हे महत्त्वाचं. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र फक्त वर्षभराचं असतं, दर वर्षी ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. अशी तपासणी म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे. सर्व्हेअर हातात टॉर्च घेऊन तळघरासारख्या कोंदट जागांत उतरतो, पाणी अडवणारा प्रत्येक दरवाजा बंद करून बघतो, आगीचे पंप चालू करायला लावतो, जीवनरक्षक बोट पाण्यात सोडायला लावतो. त्याचं समाधान होईपर्यंत चीफ इंजिनिअरच्या घशाखाली चहा उतरत नाही. जहाजावर जितकी माणसं असतात त्यांहून जास्त माणसांची सोय बोटी आणि तराफे मिळून ठेवावी लागते. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, त्यानंतर दोन वर्षांत हे आंतरराष्ट्रीय नियम लिहायला सुरुवात झाली आणि प्रत्येक मोठ्या अपघातानंतर त्यांत भर पडत गेली.

त्यातली एक भर तुझ्या कामाची आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात तिला चोवीस तासांची मुभा होती. ३२ माणसं गेली. आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता घ्यावीच लागते. तिला मस्टर ड्रिल म्हणतात. त्या वेळी बहुतेक मंडळी गॅलरीत फोटो काढत असतात आणि हिला कटकट समजतात. तू तसं करू नकोस. सगळ्या घराला घेऊन जा. तुमच्या कार्डावर मस्टर स्टेशनचं अक्षर किंवा आकडा असेल, तो थोरलीकडून पाठ करून घे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, म्हणजे आपल्या जागी जमायचं. मग संध्याकाळी केबिनपासून तिथपर्यंत एकदा सगळे जिन्याने चालत जा, लिफ्टने नको. गुडघे दुखत असले तरी सासूबाईंनाही सावकाश ने. वाट पायाखालची झाली की अर्धी भीती तिथेच उतरते.

लाईफ जॅकेट काही जहाजांवर केबिनच्या कपाटात असतं, काहींवर जमण्याच्या जागी. कुठे आहे ते विचार आणि धाकट्याच्या मापाचं आहे की नाही ते त्याच दिवशी बघ. नसेल तर केबिन स्टुअर्डला सांग, लहान मुलांची जॅकेटं जहाजावर ठेवावीच लागतात. मोठ्यांचं जॅकेट लहानाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. मुलांच्या जॅकेटला बहुधा दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो याचसाठी. तो पट्टा तू स्वतः बांधून, खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून बघ. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे. थोरलीला शिट्टी आणि दिवा कुठे आहे ते दाखव. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तो व्हिडिओ तिने पाहिला आहे. तिची भीती खरी आहे. बोटीवरच्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं, हे तिला सांग. तिच्या हाताला काम मिळालं की ती शांत होईल.

आता समुद्र लागण्याविषयी. याने जीव जात नाही, पण सहल मात्र वाया जाऊ शकते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते, त्या दोघांचं जमत नाही आणि पोट ढवळतं. डिसेंबरात आपला अरबी समुद्र बहुतेक शांत असतो, शिवाय जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख काढलेले असतात, ते आडवं डोलणं बरंच कमी करतात. पुढेमागे होणारं हेलकावणं मात्र त्यांना थांबवता येत नाही. म्हणून केबिन अजून बदलून मिळत असेल तर मधली आणि खालच्या मजल्यावरची घे. नाळेकडची आणि अगदी वरची जास्त हलते. बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा हे बरं, आणि चार वर्षांच्या मुलाबरोबर बाल्कनी नसलेलीच बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळी पोट ढवळल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. अ‍ॅव्होमिन कुठेही मिळते म्हणून ती आपल्या मनाने देऊ नकोस, तिने गुंगी येते. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि धाकटा लहान आहे, तेव्हा दोघांसाठी आपापल्या डॉक्टरांना विचारून डोस लिहून घे. बाकी उपाय साधे. उपाशी राहायचं नाही, तेलकट खायचं नाही, फोनमध्ये मान घालून बसायचं नाही. मळमळ वाटली की उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं. आल्याची वडी जवळ असू दे.

माझ्या मते तुझी खरी काळजी इथून सुरू व्हायला हवी. जहाज बुडेल या भीतीने तू रात्र जागवतेस, पण तरणतलावाविषयी तू फोनवर एकदाही बोलली नाहीस. तलाव लहान असतो, भोवती माणसांची गर्दी, मोठ्याने गाणी, आणि काठावर जीवरक्षक असेलच असं नाही. मूल बुडतं तेव्हा ते ओरडत नाही, गप्प खाली जातं. धाकटा पाण्यात असेल तेव्हा तुम्हा दोघांपैकी एकाने हातभर अंतरावर, हातात फोन न घेता थांबायचं. ‘तू बघतोयस ना?’ ‘मला वाटलं तू बघतेयस’ या घोळात अपघात होतात, म्हणून कुणाची पाळी ते बोलून ठरवा. कठड्याजवळ खुर्ची ओढू द्यायची नाही. केबिनचे आणि डेकचे दरवाजे जड असतात, वाऱ्याने जोरात आपटतात, मुलांची बोटं त्यात सापडतात. आणि हात साबणाने धुवायचे, जेवणाआधी आणि संडासानंतर, दर वेळी. जहाजावर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची, भोवतीचं पाणी उथळ. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ऐकून तुला धडकी भरेल, सासूबाईंना मात्र यात नवल वाटणार नाही. कोकणातल्या कितीतरी बंदरांत आगबोट अशीच लांब उभी राहायची आणि माणसं, पोरं, ट्रंका, फणस सगळं पडावातून किनाऱ्याला लागायचं. त्यांना त्या दिवसांविषयी विचार, त्या तुला शिकवतील. उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीला. धाकट्याला कडेवर घेऊन पाऊल टाकू नकोस, त्याला आधी खलाशाच्या हातात दे. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा, त्याच्या आधी नाही आणि विचार करत थांबूनही नाही. जहाज आणि बोट यांच्या फटीत हात घालायचा नाही. सासूबाईंना त्या क्षणी जमणार नाही असं वाटलं तर त्यांना आग्रह करू नका. डेकवरूनही ते निळं पाणी छान दिसतं. बेटावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही, तो गुन्हा आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेव.

वारा वाढला तर कप्तान उतरणं रद्द करील, कदाचित बेटच वगळील. लोक त्या वेळी रिसेप्शनवर जाऊन भांडतात. तू भांडू नकोस, मुलांनाही तयारी ठेवायला सांग. डिसेंबर शांत असतो हे खरं, पण २०१७ साली ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच लक्षद्वीपवरून गेलं होतं. पैसे घेतलेत म्हणून न्या, असं म्हणणाऱ्या प्रवाशापुढे नाही म्हणणारा कप्तान चांगला.

सामानाचं थोडक्यात. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, तेव्हा औषधं, ओळखपत्रं, मुलांचे एक-दोन कपडे हातातल्या पिशवीत. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचंही. इस्त्री, किटली, वायरीचा लांब बोर्ड नेऊ नकोस, काढून घेतात, आणि योग्यच करतात. जहाजावर सगळ्यात मोठा शत्रू पाणी नव्हे, आग. म्हणूनच सासूबाईंना एक गोष्ट आधी हळुवारपणे सांगावी लागेल. मार्गशीर्षातला गुरुवार समुद्रावर येतोय, आणि केबिनमध्ये निरांजन किंवा उदबत्ती लावता येणार नाही. पोथी वाचता येईल, फुलं नेता येतील, उपासाला फळं-दूध मिळेल. उपास आधीच कळवून ठेव, शाकाहारी आणि जैन स्वयंपाकाची त्यांना सवय असते. चिवडा-लाडवाचे डबे मात्र घरी राहू देत. बहुतेक जहाजांवर घरचं शिजवलेलं चढवू देत नाहीत, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाच. तिकिटाच्या आकड्यावर बंदर शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क चढतं, आणि जहाजावर सगळं कार्डावर लिहिलं जात असल्याने खर्च लक्षात येत नाही. रोज रात्री हिशेब मागून बघ. मुलांच्या कार्डांवर खरेदी बंद करून घे.

डॉक्टर जहाजावर असतो, पण मोठं ऑपरेशन तिथे होत नाही आणि उपचार महाग पडतात. म्हणून प्रवासाचा विमा काढ आणि सासूबाईंचा जुना आजार त्यात लिहिलाय ना ते तपास. हे काम या आठवड्यात कर, पुढे ढकलू नकोस.

सुटल्यानंतर थोड्या वेळात किनाऱ्याचं नेटवर्क जाईल. जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि बिल भरमसाट येतं, तेव्हा सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका. त्याआधी, बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटायच्या आत, मला आणि तुझ्या आईला एक फोन कर. ड्रिल झाली का आणि धाकट्याला मापाचं जॅकेट मिळालं का, एवढंच सांग.

तुझा
नानामामा