वहीतली माणसे

सातारा,
श्रावण वद्य पंचमी

चि. सुहास यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. दादाचा गुडघा पावसाळ्यात दरसाल दुखतो तसा दुखतो आहे, आणि तुझ्यासाठी केलेले मेतकूट कोणाबरोबर धाडावे या विवंचनेत वहिनी आहे. एवढे लिहून थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु गेल्या रविवारी ताई पुण्याहून आली असता मी तिला खोदून विचारले, तेव्हा तिने जी हकीकत सांगितली ती ऐकल्यापासून माझ्या चित्ताला स्वस्थता नाही.

ताई म्हणते की, तू आणि तुझे भागीदार संदेश धाडण्याचे जे अ‍ॅप सिद्ध करीत आहात, ते मोबाइलवर उतरवून घेताच त्यातील नावानिशी नंबरांची सगळी यादी तुमच्या सर्व्हरवर जाते; आणि जे भांडवल देणार आहेत त्यांची अट अशी की, ती यादी कायम जतन करावी व कोण कोणाला ओळखतो याचा नकाशा तिच्यावरून तयार करावा. तिने तुला हटकले तेव्हा तू म्हणालास म्हणे, की सगळेच असे करतात आणि लोक संमतीचे बटण स्वतः दाबतात. सुहास, बटण दाबणाऱ्याने संमती दिली हे मी मान्य करते. पण त्याच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांना कोणी विचारले?

माझ्याच मोबाइलचे पाहा. जिच्याविषयी आपल्या घरात मोठ्याने बोलत नाहीत ती आपली मुलगी (नाव लिहायला नको, तुला ठाऊक आहे) परगावी नोकरी करून राहते, आणि तिचा नवा नंबर तिच्या आईखेरीज फक्त माझ्याजवळ आहे. तो तिने मला दिला आहे, तुला दिलेला नाही. उद्या तुझ्या कौतुकाने मी तुझे अ‍ॅप घेतले, तिच्या सासरच्या कोणीतरी घेतले, आणि तुमच्या यंत्राने दोन्ही याद्या जुळवून 'ही व्यक्ती आपल्या ओळखीची असावी' असे त्यांना सुचविले, तर त्या संकेताची जबाबदारी तुमच्या कोणत्या दप्तरात नोंदविली जाईल?

माझी सारी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर गेली हे तू जाणतोस. हेडसेट लावून, कॉर्ड जोडून, जोडणी लागली की नाही एवढे ऐकायचे आणि कळ सोडून द्यायची, हा आमचा दंडक होता. टेलिफोनलाही 1885 चाच तार कायदा लागू होता, आणि लोकांचे बोलणे बेकायदा ऐकणाऱ्या वा फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. परंतु कायद्याच्या भयाने आम्ही कळ सोडीत होतो असे नाही. मरणाची वार्ता, मोडलेले लग्न, कर्जाची याचना, हे सर्व आमच्या हातांतून जात असे आणि ते आपले नव्हे, ही जाणीव त्या खुर्चीवर बसताक्षणी मनात रुजत असे. कोणी कोणाला किती वेळा फोन केला एवढ्यावरूनही, शब्द न ऐकता, माणसाचे दुःख आम्हांला कळत असे. म्हणून तुमच्या नकाशाचे मला भय वाटते.

मागच्या दिवाळीला आला होतास तेव्हा ज्याची कथा तू रात्र सरेपर्यंत सांगितलीस, तो यान कूम तू इतक्यात विसरलास काय? युक्रेनमधील कीव्हजवळच्या फास्तिव्ह गावी वाढलेला मुलगा. तिथे टेलिफोनवर मोकळे बोलण्याची सोय नव्हती, कारण सरकारचा कान त्या तारेला लागलेला असे. 1992 साली सोळा वर्षांचा असताना आई आणि आजीसमवेत तो तू राहतोस त्याच माउंटन व्ह्यू गावी आला. वह्यापेन्सिलींचा खर्च वाचावा म्हणून आईने सोव्हिएत वह्या आणि पेने बॅगेत भरून आणली होती. आई लोकांची मुले सांभाळी, तो किराणा दुकानात झाडू मारी, आणि सरकारी अन्नकुपनांसाठी रांगेत उभा राही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ग्रंथ आणून तो नेटवर्किंग शिकला, सुरक्षिततेची तपासणी करण्याची नोकरी त्याने केली, याहूमध्ये ब्रायन अ‍ॅक्टनशी त्याची मैत्री जुळली, आणि 2009 च्या फेब्रुवारीत, आपल्या वाढदिवशीच, त्याने व्हॉट्सॲप कंपनीची नोंदणी केली. जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत, अशी अ‍ॅक्टनच्या हातची चिठ्ठी त्याच्या मेजावर असे, हे सांगताना तुझा आवाज भरून आला होता.

तू गेल्यावर त्या कथेचा उरलेला भाग मी ताईकडून वाचून घेतला. त्या सज्जन माणसांच्या अ‍ॅपनेही वापरणाऱ्याची संपूर्ण वही मागितलीच होती. 2013 च्या जानेवारीत कॅनडा आणि नेदरलँड्सच्या गोपनीयता अधिकाऱ्यांनी चौकशीअंती दोष दाखविला तो नेमका हाच, की जे लोक व्हॉट्सॲप वापरीत नाहीत त्यांचे नंबरही तिथे जाऊन पडतात. प्रारंभीच्या काळात संदेशही उघडेच जात. पुढे ओपन व्हिस्पर सिस्टिम्स या संस्थेच्या सहकार्याने 2016 च्या एप्रिलमध्ये त्यांनी प्रत्येक संदेशाला असे कुलूप घातले की, त्याची किल्ली पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज खुद्द कंपनीपाशीही राहिली नाही. अब्जावधी लोकांच्या खाजगी बोलण्याला मिळालेले ते संरक्षण मी पुण्यकर्मच समजते.

पण दरम्यान मालकी बदलली होती. 2014 च्या फेब्रुवारीत फेसबुकने 19 अब्ज डॉलरांना ती कंपनी घेण्याचा करार केला. तेव्हा वापरणारे पंचेचाळीस कोटी आणि नोकरवर्ग पन्नासहून थोडा अधिक. ज्या कचेरीबाहेर कुपनांसाठी तो उभा राहत असे तिच्याच दारापाशी कूमने कागदांवर सही केली. काहीही बदलणार नाही, अशी ग्वाही तेव्हा लोकांना मिळाली. आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये वापरणाऱ्यांचे नंबर फेसबुकला देण्याची तरतूद अटींमध्ये आली. दोन्हींकडील खाती जुळविता येणार नाहीत, अशी चुकीची माहिती विलीनीकरणाच्या वेळी दिल्याबद्दल 2017 च्या मे महिन्यात युरोपीय आयोगाने फेसबुकला अकरा कोटी युरोंचा दंड केला. त्याच वर्षी अ‍ॅक्टन कोट्यवधी डॉलरांच्या हक्कावर पाणी सोडून बाहेर पडला, 2018 मध्ये कूमही. आणि आपण आपल्या ग्राहकांची गोपनीयता विकली, अशी कबुली अ‍ॅक्टनने पुढे स्वतःच दिली. पाच कोटी डॉलर त्याने सिग्नल या संदेश धाडण्याच्या अ‍ॅपच्या प्रतिष्ठानाला दिले, यावरून त्याच्या मनाची तळमळ दिसते.

यातून मला जे उमगले ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. मेजावरच्या चिठ्ठीतले वचन ते देणारी माणसे गेल्यावर टिकले नाही. कुलुपाच्या रचनेत घातलेले वचन मालक बदलले, संस्थापक गेले, तरी टिकले. तू भला आहेस, हे मला कोणी पटवून द्यायला नको. पण उद्या तुझी कंपनी दुसऱ्याची होईल, आणि आज तू साठविलेली वही त्या परक्याच्या हाती आयतीच पडेल. म्हणून तू सद्हेतूने वही सांभाळशील, हे आश्वासन मला पुरेसे वाटत नाही. ती तुझ्यापाशी असूच नये.

नंबर सांकेतिक रूपात ठेवतो, असे तू ताईला सांगितलेस. दहा आकड्यांचे सारे नंबर क्रमाने त्याच संकेतात घालून पाहायला आजच्या संगणकाला फार वेळ लागत नाही, हे तिने मला समजावून दिले आहे, आणि सुरक्षिततेच्या कामात वर्षे घालविलेल्या तुला ते ठाऊक नसेल असे मला म्हणवत नाही. सिग्नलवाल्यांनी 2017 मध्ये, सेवा चालविणाऱ्यालाही दिसू नये अशा प्रोसेसरमधील बंदिस्त जागेत नंबर जुळविण्याची रीत प्रसिद्ध केली. मार्ग आहेत, ते कष्टाचे आहेत इतकेच.

आणखी एक भय आहे. 1 जुलै 2018 रोजी आपल्या धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले ते नाथपंथी डवरी गोसावी होते. अशा अफवा मोबाइलवरूनच पसरत होत्या, आणि त्यानंतर भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. तेव्हा कुलूप लावले की कर्तव्य संपले असेही समजू नकोस. बोलणे ऐकू नये, पण आपण बांधलेल्या रस्त्यावरून काय वेगाने धावू शकते याचा बंदोबस्त आधी करावा. अपघातानंतर घातलेली मर्यादा त्या पाच घरांच्या उपयोगी पडली नाही.

सगळेच करतात, हे वाक्य मात्र माझ्या भाच्याच्या तोंडी मला नको होते. अण्णांच्या घरात वाढलेल्या मुलाने ते बोलावे याचा मला संताप आला, आणि तो मी लपवीत नाही. वाड्याच्या दाव्यात अण्णांना भर कचेरीत हेच वाक्य ऐकविले गेले होते आणि त्यांनी काय केले, हे तू त्यांच्याच तोंडून ऐकले आहेस.

इतके रागावल्यावर वाटते, तू आज जिथे उभा आहेस तिथे उभे राहण्याची संधी मला कधी मिळाली नाही. तुझ्या वयाची असताना जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात तांत्रिक शिक्षणासाठी मला पाठविण्याची खात्याची तयारी होती; अण्णांचे आजारपण आणि दादाचे कॉलेज डोळ्यांपुढे ठेवून मी नकार लिहून दिला. 1960 साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झालेली, ऑपरेटरवाचून परगावी थेट फोन लावण्याची एसटीडी यथाकाल आमच्यापर्यंत पोचली, बोर्ड उठले, आणि यंत्राच्या पोटात काय घडते हे जाणण्याची माझी हौस तशीच राहिली. तू पगाराची नोकरी सोडलीस तेव्हा सारे घर तुझ्यावर उठले असता दादापुढे मी तुझी जामीन राहिले, ती त्या हौसेपायीच. त्या जामिनकीचा मला पश्चात्ताप नाही, आजही नाही.

भांडवलदाराला नाही म्हणणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे. घरभाडे द्यावे लागते, भागीदारांची बायकामुले असतात. म्हणून एक गोष्ट सांगते, ती अव्हेरू नकोस. कोरेगावच्या जमिनीतील माझ्या हिश्श्याची रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे, आणि तिची मुदत पुढच्या महिन्यात पुरी होते. तिने तुमची कंपनी उभी राहणार नाही, पण ती अट नाकारल्यावर अधिक चांगला माणूस भेटेपर्यंतचे काही महिने निघतील. ताईला मी कागद दाखविले आहेत. दादाला यातले काही सांगायचे नाही. कंपनी बुडाली तर ती रक्कम बुडाली असे मी समजेन, आणि त्याबद्दल तुला कधी एक अक्षर विचारणार नाही.

ताई म्हणते तू फार वाळला आहेस आणि पहाटेपर्यंत जागतोस. कामाचा निर्णय तू घेशील तो विचारानेच घेशील असा माझा भरवसा आहे. जेवणाचा मात्र मला तुझ्यावर मुळीच भरवसा नाही. या पत्राला कैफियत लिहून पाठवू नकोस. सवड होईल तेव्हा फोन कर, हल्ली मी दुपारी झोपत नाही. आणि बोलायला काही सुचले नाही तरी चालेल, तुझा आवाज ऐकला म्हणजे झाले.

तुझी,
आत्या