ब्रेकचे पेडल खाली का जाते?

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलेला रस्ता धरमतरची खाडी ओलांडतो, पोयनाड मागे टाकतो आणि कार्ले खिंड चढून पलीकडे उतरतो. अवजड मालमोटारींची वर्दळ, पावसाळ्यातील ओला रस्ता आणि बाराही महिने खाऱ्या वाऱ्याचा संसर्ग यांमुळे या वाटेवरील मोटारीच्या ब्रेकची कसोटी वारंवार लागते. मोटार जुनी असल्यास ती अधिकच कडक होते.

शासकीय वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालू राहत नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. खाजगी मोटारीस मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण मिळू शकते. त्यामुळे अनेक शिक्षक व पंचायत सदस्य जुनी मोटार आजही वापरताना आढळतात. पाच वर्षांतून एकदा होणारी ही तपासणी ब्रेकच्या रोजच्या प्रकृतीची हमी देऊ शकत नाही, हे उघड आहे. ती प्रकृती पायालाच कळते. पायाला काय कळले याचा अर्थ लावता आला पाहिजे, एवढेच.

पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व ब्रेक ऑइलवर दाब येतो. द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. हा दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरपर्यंत जातो आणि ब्रेक शू ड्रमवर घट्ट बसतात. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून निरोगी पेडल थोडे खाली जाऊन दगडासारखे थांबते. ते तसे न थांबल्यास कोठेतरी दाब वाया जात आहे असे समजावे.

पेडल कशा रीतीने खाली जाते, हे प्रथम पाहावे. पहिल्या दाबाला ते खूप खाली जाते, परंतु लगेच दुसऱ्यांदा दाबल्यास वर येऊन कडक लागते, असे असेल तर शू झिजून ड्रमपासून दूर गेलेले असण्याचा संभव अधिक. चारही चाकांना ड्रम असलेल्या फियाट, पद्मिनी व जुन्या जीपगाड्यांत हा दोष नित्याचा. शू जवळ आणून ब्रेक सेट केले की काम भागते. याउलट पेडल रबरी चेंडूसारखे मऊ लागत असेल आणि पंप मारत गेल्यास हळूहळू वर येत असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली आहे. जुन्या रबरी होज दाबाने फुगत असतील तरीही पेडल असेच मऊ लागते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. काही वर्षांपूर्वी अलिबागहून परतताना धरमतरच्या पुलाच्या उतारावर प्रस्तुत लेखकाची जुनी मोटार वाहनांच्या रांगेत उभी होती. पाय ब्रेकवर स्थिर होता. खारेपाटाच्या चिखलात पाय रुतावा तसे पेडल सावकाश खाली जाऊ लागले आणि मोटार पुढील मालमोटारीकडे सरकली. हँडब्रेक ओढला म्हणून निभावले. दोनच दिवसांपूर्वी एका कारागिराने ऑइल भरून व हवा काढून मोटार ‘ओके’ म्हणून परत केली होती. वास्तविक दोष मास्टर सिलिंडरमधील झिजलेल्या रबरी वॉशरमध्ये होता. जोराने दाबल्यास अशा वॉशरची कड सिलिंडरच्या भिंतीस चिकटते व ब्रेक उत्तम लागतो. हलक्या, स्थिर दाबाखाली मात्र ऑइल तिच्या कडेने मागे निसटते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर घेतलेल्या चाचणीत हा दोष लपून राहतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी चाकांना दगड लावून मोटार उभी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे आणि मग हलक्या पायाने मिनिटभर धरून ठेवावे. ते खाली जात राहिले, तर ऑइलच्या टाकीतील पातळी पाहावी. पातळी घटत असल्यास गळती बाहेर आहे : चाकांच्या आतील बाजू, होजचे सांधे व गंजलेल्या लोखंडी नळ्या तपासाव्यात. पातळी कायम असूनही पेडल बुडत असल्यास संशय मास्टर सिलिंडरवरच घ्यावा. (सर्व्हो असलेल्या मोटारीत पाय पेडलवर असताना इंजिन सुरू केल्यास ते किंचित खाली जाते, तो दोष नव्हे.)

फियाट ११०० सारख्या जुन्या मोटारींत चारही चाकांना एकच दाबमार्ग असल्याने एक नळी फुटली तरी सर्व ब्रेक जातात. ‘दुसऱ्या पंपाला लागतो, चालून जाईल’ ही आपल्याकडील सवय म्हणूनच अत्यंत घातक होय.

ऑइलकडेही लक्ष हवे. ते हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंश धरली जाते. खिंड उतरताना ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळून वाफ धरते आणि घरी निघताना कडक असलेले पेडल पायथ्याशी मऊ होते. मोटार थंड झाल्यावर ते पूर्ववत होत असल्याने कारागिराला दोष सापडत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. त्यात इंजिनचे ऑइल थेंबभरही मिसळू नये. रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

हवा काढताना बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे बाटलीत सोडावेत आणि पेडल वर येण्यापूर्वी निपल आवळावा. टाकी रिकामी होऊ देऊ नये. जुन्या मोटारीत पेडल पार तळापर्यंत दाबू नये. एरवी न वापरल्या जाणाऱ्या सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर वॉशर घासून फाटतात आणि हवा काढण्याच्या कामातूनच पेडल बुडण्याचा नवा दोष जन्मास येतो. ऑइलने भिजलेले शू पुसून पुन्हा बसवू नयेत, बदलावेत. ड्रममधील धूळ फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. उघडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल पुढील पावसाळ्यासाठी राखून ठेवू नये.