व्याज भरत राहिल्याने कर्ज फिटत नाही

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातील कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. शंभरांतील ४७ कुटुंबे कर्जबाजारी निघाली. कर्ज साधारणपणे अडीच महिन्यांच्या कमाईइतके आणि व्याज दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के! पुढे परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, आणाही गेला. सावकाराचा दर मात्र फारसा उतरला नाही. 'महिना शेकडा ५' ही बोली आजही कारागिरांच्या तोंडी आहे.

व्याज आपल्याकडे निषिद्ध आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही आजारपणात किंवा मंदीत माणूस त्यात सापडतो. त्याने प्रथम हिशेब मांडावा. दादरच्या एखाद्या शिंप्याने याच दराने ५०,००० रुपये उचलले, तर महिन्याला २,५०० रुपये व्याज जाते. वीस महिन्यांत ५०,००० भरले तरी मुद्दल जागच्या जागी! सावकारालाही हेच हवे असते. म्हणूनच 'मुद्दल एकरकमी आणा' असा त्याचा आग्रह असतो. त्याने थोडे थोडे मुद्दल घेतले आणि महिन्याला ४,५०० रुपये देता आले, तर हेच कर्ज १७ महिन्यांत फिटते. भरलेल्या रकमेपैकी व्याज किती, मुद्दल किती, हे पावतीवर लिहून घ्यावे.

वरचे २,००० आणायचे कोठून? बहुतेकांच्या बाबतीत गल्ल्यातूनच. दुकानाचा गल्ला आणि घरचा खिसा एकच असला की काय कमावले आणि काय खाल्ले ते कळत नाही. रोजमेळ लिहा. घरी ठरावीक रक्कम न्या, आणि ती मंदीच्या महिन्याच्या कमाईवर ठरवा, रमजान किंवा दिवाळीच्या नव्हे. हंगामाची जादा कमाई मुद्दलात जावी. टीव्ही नंतर घेता येतो.

देणी अनेक असतील तर ज्याचे व्याज सर्वांत जड ते आधी फेडावे. घाऊक व्यापाऱ्याची बिनव्याजी उधारी थोडी लांबवता येते, पण त्याला तोंड चुकवू नये. प्रत्यक्ष भेटून मुदत मागावी.

ओळखीच्या दहा जणांची दरमहा ५,००० रुपयांची भिशी असेल, तर पहिला नंबर मागून घ्यावा. ५०,००० हाती येताच सावकार मोकळा करावा आणि पुढचे हप्ते चुकवू नयेत. लिलावाच्या भिशीपासून मात्र दूर राहावे. तेथे बोली लावून सोडलेली रक्कम हे एका परीने व्याजच असते. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. खरोखर गरज असल्यास मागण्यात लाज कसली?

कायदाही आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा असून त्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही आणि भरलेल्या पैशांची पावती द्यावीच लागते. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी करावी. जाताना जुन्या चिठ्ठ्या, पावत्या आणि आपली वही सोबत न्यावी.