सकाळचा धूर : बदल केलेल्या डिझेल इंजिनाची तपासणी कोठून सुरू करावी?

थंडीचे दिवस आले की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. "मिस्त्री, सकाळी गाडी लवकर लागत नाही. लागली की पाच-दहा मिनिटे नुसता पांढरा धूर. डोळ्यांची आग होते, शेजारीपाजारी ओरडतात. एकदा गरम झाली की मग काही नाही." नाशिक, निफाड, मालेगाव या भागात डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार विशेष ऐकू येते. त्यातच गाडी मूळ अवस्थेतली नसेल, म्हणजे पेट्रोल जीप किंवा अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये डिझेल इंजिन बसवलेले असेल, वरून टर्बो जोडलेला असेल किंवा पिकअपसाठी पंपाचा स्क्रू फिरवलेला असेल, तर मिस्त्रीचीही परीक्षाच असते.

अशा वेळी गिऱ्हाईकाला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : "रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल" किंवा "पंप-नोझलचे काम करावे लागेल." दोन्ही कामे हजारो रुपयांची. काही गाड्यांत ती खरोखरच करावी लागतात. पण पुष्कळ गाड्यांत दोष असतो तो हीटर प्लगला जाणाऱ्या बारीक वायरीत, ढिल्या अर्थिंगमध्ये किंवा डिझेलच्या पाइपात शिरणाऱ्या हवेत. इंजिन बांधून झाल्यावरही धूर तसाच राहिला, तर गिऱ्हाईकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव जाते. म्हणून कमी खर्चाची तपासणी आधी आणि इंजिन उघडणे सर्वांत शेवटी, हा क्रम कसा पाळावा ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

थंड इंजिन धूर का सोडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. रात्रभर थंड झालेले इंजिन फिरवले की दाबलेल्या हवेतील बरीच उष्णता थंड हेड आणि सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. सेल्फ हळू फिरत असेल तर हवेला रिंगांवाटे निसटायला जास्त वेळ मिळतो आणि उष्णता आणखी घटते. मग डिझेलचा काही भाग न जळता बारीक तुषारांच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतो. तोच हा पांढरा धूर.

जुन्या प्रीचेंबर इंजिनांत ही अडचण अधिक असते, कारण लहान कोठडीतील हवा लवकर थंड होते. म्हणून तर त्यांना हीटर प्लग दिलेले असतात. आपल्याकडे जीप आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसवले गेलेले मॅटाडोरचे इंजिन, म्हणजे मर्सिडीज बनावटीचे २.४ लिटरचे ओएम ६१६, याच जातीचे आहे. बजाज टेम्पोच्या (ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली) मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये ते वापरले गेले. पुढील आकडे द्यावे लागतील तेथे आम्ही याच इंजिनाचे देऊ. इतर इंजिनांसाठी त्या-त्या कंपनीचे पुस्तक पाहावे.

धुराचा रंग आणि वास

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर : डिझेल पेटत नाही किंवा उशिरा पेटते.

निळसर, जळक्या ऑइलच्या वासाचा धूर : ऑइल जळते आहे. रात्रभर उभी गाडी सुरू करताच एक मोठा लोट येऊन थांबला, तर आधी वॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. गरम झाल्यावरही निळा धूर चालूच राहिला, तर रिंगा किंवा टर्बो.

काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि पंपाचा वाढवलेला स्क्रू पाहावा.

पांढरा पण न झोंबणारा, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा आणि रेडिएटरचे पाणी कमी करणारा धूर : हेड पॅकिंग किंवा हेडला तडा. थंड सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ निघणे मात्र स्वाभाविक आहे. ती हवेत लगेच विरते. तिच्यासाठी इंजिन उघडू नये.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. गिऱ्हाईक गाडी चालवत गॅरेजमध्ये आणतो तेव्हा इंजिन गरम झालेले असते आणि दोष लपलेला असतो. गाडी रात्रभर ठेवून घ्यावी आणि सकाळी पहिला सेल्फ आपण स्वतः मारावा. ऐकीव धुरावर इलाज करू नये.

आधी विचारा : बदल काय केला आहे?

मूळ अवस्थेतील गाडीत झीज शोधावी लागते. बदल केलेल्या गाडीत आधी तो बदल तपासावा लागतो. नवे गिऱ्हाईक आले की पुढील पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

१) इंजिन दुसऱ्या गाडीचे आहे काय? असल्यास बॅटरी आणि वायरिंग कोणत्या गाडीचे?
२) टर्बो मागाहून बसवला आहे काय? त्या वेळी हेड पॅकिंग जाड घातले किंवा पिस्टन बदलले काय?
३) पंप उतरवून पुन्हा बसवला आहे काय? त्याचा स्क्रू फिरवला आहे काय?
४) नोझल मूळ मापाचे आहेत की मोठे?
५) थर्मोस्टॅट जागेवर आहे की काढून टाकला आहे?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन लवकर तापत नाही आणि दोन मिनिटांचा धूर पंधरा मिनिटे चालतो. गाडी तापण्याचे खरे कारण शोधून थर्मोस्टॅट परत बसवणे हाच योग्य इलाज.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी : बॅटरी आणि सेल्फ. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. पेट्रोल गाडीची लहान बॅटरी डिझेल इंजिनाला पुरत नाही, कारण डिझेलचा दाब कितीतरी जास्त असतो. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे. इंजिन बदलताना ब्लॉक ते बॉडीची अर्थिंगची पट्टी बसवायची राहून जाते. मग सगळा करंट क्लच वायर किंवा ॲक्सिलरेटर वायरीतून वाट काढतो.

दुसरी पायरी : हीटर प्लग. जुने वेटोळ्याच्या तारेचे प्लग माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एक तुटला की सगळे बंद. नंतरचे पेन्सिल प्लग स्वतंत्रपणे जोडलेले असतात. त्यांतला एक गेला तर फक्त तेवढाच सिलिंडर थंड राहतो, गाडी तीन सिलिंडरवर थरथरत लागते आणि धूर सोडते. पेन्सिल प्लगची जोडपट्टी काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्पची तार प्लगच्या टोकाला लावावी. दिवा लागला नाही तर प्लग तुटलेला आहे.

प्लग चांगले असूनही धूर येत असेल तर प्लगच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. बदल केलेल्या गाड्यांत बहुतेक मिस्त्री येथेच चुकतात. चार पेन्सिल प्लग मिळून ४० ते ६० अँपिअर करंट घेतात, पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. पेट्रोल गाडीच्या बारीक वायरीतून किंवा साध्या हॉर्न रिलेमधून तो जाऊ शकत नाही. समजा, बॅटरीशी साडेअकरा व्होल्ट आहेत आणि प्लगशी साडेआठच पोहोचतात. तीन व्होल्टच तर कमी, असे वाटेल. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून प्लगची उष्णता निम्म्याच्या आसपास येते. प्लग नवे, पण काम निम्मे. जाड वायर, योग्य क्षमतेचा रिले आणि स्वच्छ टोके एवढ्यावर ही गाडी बरी होते. मात्र अलीकडच्या काही इंजिनांत कमी व्होल्टेजचे प्लग असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट देऊन पाहू नये, ते जळतात.

तिसरी पायरी : डिझेलमधील हवा. गाडी चटकन लागते, लगेच बंद पडते, मग बराच वेळ सेल्फ मारल्यावर पांढरा धूर सोडत लागते, असे असेल तर रात्री पाइपातील डिझेल टाकीकडे उतरते आहे. पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे पाहावेत. मागाहून जोडलेले जादा फिल्टर, तडकलेले रबरी पाइप, वापरलेले तांब्याचे वॉशर आणि हँड प्रायमर या ठिकाणी हवा शिरते.

चौथी पायरी : टॅपेट. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट ठेवले की वॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाब निसटतो. ओएम ६१६ मध्ये थंड इंजिनावर इनलेटला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट हवी. काम तासाभराचे आहे. कॉम्प्रेशन मोजण्याआधी ते झालेच पाहिजे.

पाचवी पायरी : टायमिंग. पंप उतरवून पुन्हा बसवताना टायमिंग थोडे मागे राहिले तरी थंड इंजिन पांढरा धूर सोडते आणि पिकअप मंद होतो. पुढे गेले तर खडखड वाढते. या इंजिनात डिझेल देण्याची सुरुवात पिस्टन वर पोहोचण्याआधी २४ अंशांवर ठेवतात. आवाजावरून अंदाज न करता खुणेवरून आणि थेंब पाहून टायमिंग बांधावे. टायमिंगची चेन ताणलेली असेल तर तेही लक्षात घ्यावे.

सहावी पायरी : नोझल. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात धूर चालू असताना एकेका नोझलचा पाइप-नट जरासा ढिला करावा. ज्या सिलिंडरवर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो काम करत नाही. त्याचा नोझल टेस्टरवर पाहावा. फवारा बारीक हवा आणि टोकाला थेंब लोंबता कामा नये. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

सातवी पायरी : कॉम्प्रेशन. नव्या ओएम ६१६ मध्ये ते २२ ते २४ बार असते. १५ बारच्या आसपास आले की इंजिन थकले असे समजावे. सिलिंडरांमधील फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. एखादाच सिलिंडर कमी असेल तर वॉल्व्ह, रिंग किंवा पॅकिंग. सिलिंडरमध्ये अगदी थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील आणि ऑइल टाकूनही फरक पडत नसेल, तर टर्बोसाठी घातलेले जाड पॅकिंग हेच कारण असू शकते. तेथे नव्या रिंगा घालून धूर थांबणार नाही.

टर्बो मागाहून बसवलेल्या गाडीत निळा धूर असेल तर टर्बो बदलण्याआधी त्याचा ऑइल परतीचा पाइप पाहावा. तो अरुंद, मुरडलेला किंवा चेंबरमधील ऑइलच्या पातळीखाली जोडलेला असेल तर ऑइल तुंबून सीलवाटे बाहेर पडते.

कॉमन रेल इंजिनाला जुनी युक्ती नको

अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत रंगाचा नियम तोच, पण हत्यारे वेगळी. इंजिन चालू असताना पाइप-नट ढिला करण्याची युक्ती येथे कदापि करू नये. या पाइपात १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाब असू शकतो, आणि ती इजा हात गमावण्याइतकी गंभीर असते. येथे स्कॅनर लावून सेल्फच्या वेळचा रेल प्रेशर पाहावा आणि इंजेक्टरांचे परतीचे डिझेल बाटल्यांत मोजावे. पॉवर वाढवण्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललेला असेल, तर मूळ प्रोग्रॅम घालून एकदा थंड गाडी सुरू करून पाहावी. धूर गेला तर दोष प्रोग्रॅमचा, लोखंडाचा नव्हे.

आणखी एक इशारा. गाडी लागत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे धरतात. हीटर प्लग तापलेले असताना यामुळे भडका उडू शकतो आणि पिस्टन, रिंगा तुटू शकतात.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी हवी. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. पीयूसीची डिझेल तपासणी इंजिन गरम करून होते, म्हणून पीयूसी पास झाली याचा अर्थ सकाळचा दोष नाही असा होत नाही. उलट, सकाळचा धूर आहे म्हणून गाडी पीयूसीत नापास होईलच असेही नाही. गिऱ्हाईकाला या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजावून सांगाव्यात.

थोडक्यात

रंग पाहा, वास घ्या, गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, काय बदलले ते विचारा. मग बॅटरी, प्लग, हवा, टॅपेट, टायमिंग, नोझल आणि कॉम्प्रेशन याच क्रमाने चला. प्रत्येक पायरीचा आकडा वहीत लिहा आणि गिऱ्हाईकाला दाखवा. इंजिन उघडावेच लागले तर त्या आकड्यांमुळे खर्चाबद्दल वाद होत नाही. आणि दोष वायरीत निघाला तर वायरीचे आणि तपासणीचे पैसे मोकळेपणाने घ्या. तपासणी हेही कौशल्य आहे आणि त्याची मजुरी हा कारागिराचा हक्क आहे. जे उस्ताद आपल्या हाताखालच्या मुलांना पान्याबरोबर मीटर धरायलाही शिकवतील, त्यांच्या गॅरेजची पुढची पिढी नव्या गाड्यांपुढे अडून राहणार नाही.