भिकाजीचा भास्कर करू नका

घराण्याची पुस्तिका छापायला घेतली, तेव्हा आडनावाचा भाग मला सगळ्यांत सोपा वाटला होता. आम्ही पिंपळगावकर, म्हणजे पिंपळगाव बसवंतचे. कांद्या-द्राक्षांमुळे तेच गाव कानावरून गेलेलं. पणजोबांचं नाव भिकाजी. ते छापून बरं दिसणार नाही म्हणून मी 'भास्कर' केलं. 200 प्रती काढल्या, पहिली आत्याच्या हातात ठेवली.

तिने दोन पानं वाचून पुस्तिका मिटली. "अरे, आपलं पिंपळगाव रेणुकाईचं, भोकरदनकडचं. आणि हा भास्कर कोण? माझ्या आजोबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, आधीची तीन मुलं गेली होती. हे तरी जगावं म्हणून पणजीने पाच घरी पदर पसरून जोंधळे मागितले. म्हणून भिकाजी."

एका आईने मुलाच्या जिवासाठी मागितलेली भीक मी लाजेपोटी खोडून टाकली होती. धोंडू, दगडू, केरबा ही नावंही पुष्कळदा अशीच, मृत्यूने मुलाकडे ढुंकून पाहू नये म्हणून ठेवलेली. नकोशीची गोष्ट निराळी. ते नाव मुलगी नको म्हणून पडतं. साताऱ्यात 2011 मध्ये 285 मुलींना नवी नावं दिली गेली, ते योग्यच झालं. पण गेलेल्या माणसाचं नाव बदलायचा हक्क आपल्याला नाही.

आडनावाबाबतही घाई नको. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? गाव सोडलं की परमुलखात 'कर' लागतो, त्यामुळे त्याआधीचं आडनाव वेगळं असू शकतं. शिवाय पिंपळगावंही अनेक: पिंपळगाव हरेश्वर पाचोऱ्याला, पिंपळगाव जोगा जुन्नरला. म्हणून आधी तालुका विचारा, कुलदैवत विचारा, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं जन्मगाव पाहा. त्र्यंबकेश्वरला पूर्वज गेले असतील, तर तीर्थोपाध्यांच्या वहीत नोंद सापडू शकते. जुने कागद मोडीत असतात, मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दूतही. जाणकाराकडून वाचून घ्या. नुसत्या उच्चारावरून अर्थ लावू नका. कुलकर्णीतलं 'कुळ' घराण्याचं नव्हे, सारा भरणाऱ्या रयतेचं. तिचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी.

घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर छापखान्याआधी त्यांच्याजवळ बसा. आत्या दोन वर्षांनी गेली. तिने सांगितलेलं नवीन पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे, आणि पणजोबा भिकाजीच आहेत.